‘पण’पाशी थांबा, मग पर्याय बघा

जीआरईची तयारी सुरू झाली की पहिले काम ठरलेले असते. शब्दांची यादी मिळवायची आणि पाठ करायला बसायचे. बँकेच्या किंवा स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांना बसणारेही इंग्रजीच्या पेपरसाठी हेच करतात. भिंतीवर चिठ्ठ्या, मोबाइलवर फ्लॅशकार्ड, लोकलमध्ये उजळणी. यात वाईट काही नाही. शब्द यायलाच हवेत. पण सराव परीक्षा तपासायला घेतली की ध्यानात येते, की चुकलेल्या रिकाम्या जागांपैकी बऱ्याच ठिकाणी सगळ्या पर्यायांचे अर्थ ठाऊक होते. तरीही उत्तर चुकले. काही ठिकाणी तर बरोब्बर उलट्या अर्थाचा शब्द निवडला गेलेला असतो. हा दोष शब्दसंग्रहाचा नाही, वाचण्याचा आहे. वाक्याने मध्येच दिशा बदलली आणि वाचणारा नाकासमोर सरळ चालत राहिला.

ही दिशा बदलणारी जागा कशी ओळखायची, तिच्यावरून उत्तर कसे काढायचे आणि ती कुठे फसवते, एवढ्यापुरताच हा लेख आहे. यातली इंग्रजी वाक्ये सरावासाठी मुद्दाम रचलेली आहेत. वाचताना हातात पेन्सिल ठेवलीत तर जास्त उपयोग होईल.

हे प्रश्न तपासतात काय?

रिकाम्या जागा भरण्याची परीक्षा आजची नाही. हरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ब्रेस्लाऊ शहरातल्या शाळकरी मुलांसाठी अशी चाचणी तयार केली आणि १८९७ मध्ये ती प्रसिद्ध केली. उताऱ्यातले काही शब्द आणि अक्षरे गाळायची आणि मुलांनी ती भरायची, असे तिचे स्वरूप होते. सुट्या तुकड्यांतून सबंध अर्थ जोडण्याची क्षमता त्याला मोजायची होती. पुढे १९५३ मध्ये विल्सन टेलर या अमेरिकी अभ्यासकाने एखादा मजकूर वाचकाला किती सोपा जातो हे मोजण्यासाठी हीच कल्पना वापरली आणि तिला ‘क्लोझ’ हे नाव दिले. आपल्याकडच्या बँकेच्या परीक्षांमध्ये येणाऱ्या ‘क्लोझ टेस्ट’चे नाव तिथून आले आहे. म्हणजे हा प्रश्न मुळापासून जोडणी तपासतो. शब्द माहीत आहे का, हा त्यातला पुढचा भाग.

आज जीआरईमध्ये हे प्रश्न दोन रूपांत येतात. टेक्स्ट कम्प्लीशनमध्ये एक ते तीन जागा रिकाम्या असतात. एकच जागा असेल तर पाच पर्याय मिळतात. दोन किंवा तीन असतील तर प्रत्येक जागेला तीन-तीन. सगळ्या जागा बरोबर भरल्या तरच गुण मिळतो, अर्ध्या उत्तराला अर्धा गुण नसतो. सेंटेन्स इक्विव्हॅलन्समध्ये जागा एक, पर्याय सहा, आणि निवडायचे दोन. त्या दोन्ही शब्दांनी वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे. सप्टेंबर २०२३ पासून जीआरई आखूड झाली. व्हर्बल विभागात आता २७ प्रश्न आणि ४१ मिनिटे आहेत. त्यातले जवळजवळ निम्मे प्रश्न उताऱ्यांचे असतात आणि त्यांना वेळ लागतो. म्हणून रिकाम्या जागेला साधारण एका मिनिटाहून जास्त वेळ देणे परवडत नाही.

एसएटीमधून सुटी वाक्यपूर्ती २०१६ साली वगळली गेली, पण आताच्या डिजिटल एसएटीत छोट्या उताऱ्यातली रिकामी जागा भरायचे प्रश्न आहेत. शिवाय दोन वाक्यांमध्ये ‘हाउएव्हर’ बसेल की ‘देअरफोर’, असे थेट विचारणारेही प्रश्न आहेत. बँक आणि स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षांत रिकाम्या जागा आणि क्लोझ टेस्ट नेहमीचेच. तिथे चुकीच्या उत्तरामागे गुण कापले जातात. जीआरईत आणि एसएटीत अशी कपात नाही, त्यामुळे तिथे प्रश्न कोरा सोडू नये.

वाक्य उलटते म्हणजे काय होते?

मराठीत पाहा. ‘पाऊस भरपूर झाला आणि धरण ____.’ तुम्ही क्षणात म्हणाल, भरले. आता ‘पाऊस भरपूर झाला, पण धरण ____.’ उत्तर लगेच फिरते: भरलेच नाही, अर्धेच राहिले, कोरडेच पडले. दोन्ही वाक्यांत अवघड शब्द एकही नाही. फरक ‘आणि’ व ‘पण’ यांचा. मराठी शाळेत व्याकरण शिकलेल्यांना उभयान्वयी अव्ययांचे प्रकार आठवत असतील. ‘आणि’, ‘व’ हे समुच्चयबोधक. ‘पण’, ‘परंतु’, ‘किंतु’, ‘परी’ हे न्यूनत्वबोधक. ‘म्हणून’, ‘सबब’ हे परिणामबोधक. परीक्षेसाठी पाठ केलेले हे वर्गीकरण इथे प्रत्यक्ष कामाला येते. रिकाम्या जागेचा प्रश्न समोर आला की पहिला सवाल हाच: या वाक्यात ‘आणि’ आहे, ‘म्हणून’ आहे की ‘पण’ आहे?

आपल्या भाषेत हे काम नकळत होते. इंग्रजी वाचताना मात्र डोळा जड शब्दांवर अडकतो आणि ‘यट’, ‘दो’, ‘बट’ यांच्यासारखी छोटी अव्यये नजरेखालून निसटतात. जड शब्दाचा अर्थ कधी कधी संदर्भातून काढता येतो. छोटे अव्यय सुटले तर संदर्भच उलटा होऊन बसतो. म्हणून आधी या छोट्या शब्दांची ओळख पक्की करायची. या लेखापुरते त्यांना वळणशब्द म्हणू.

वळणशब्द कुठे कुठे लपतात?

पहिला गट उघड आहे: बट, यट, दो, ऑल्दो, व्हाइल, व्हेअरॲज, हाउएव्हर, नेव्हरदलेस, नॉनदलेस. हे बहुतेकांना माहीत असतात.

दुसरा गट नामाला चिकटून येतो: डिस्पाइट, इन स्पाइट ऑफ, नॉटविथस्टँडिंग, अनलाइक, इन्स्टेड ऑफ, रादर दॅन, कॉन्ट्ररी टू. यांच्यानंतर पूर्ण वाक्य नसते, नुसता शब्दसमूह असतो. म्हणून वाक्याचे दोन तुकडे झाले आहेत हे पटकन दिसत नाही. याच गटात ‘फॉर ऑल’ आहे आणि तो बऱ्याच जणांना चकवतो. ‘फॉर ऑल हिज लर्निंग’ याचा अर्थ ‘एवढा विद्वान असूनही’. पुढे ‘द प्रोफेसर वॉज ____ इन मॅटर्स ऑफ मनी’ असे आले, तर जागेत अडाणी, भोळा अशा अर्थाचा शब्द हवा; उदाहरणार्थ ‘नाईव्ह’.

तिसरा गट वरवरचे आणि खरे यांच्यातला फरक दाखवतो: सीमिंगली, अपॅरंटली, ऑस्टेन्सिबली, सपोज्डली. लेखकाने ‘सीमिंगली सिंपल’ म्हटले की प्रत्यक्षात ते सोपे नाही, असे पुढे येणार हे धरून चाला. सरप्रायझिंगली, आयरॉनिकली, पॅरॉडॉक्सिकली यांचेही तसेच. आश्चर्य वाटले म्हणजे अपेक्षा वेगळी होती.

चौथा गट काळाचा: वन्स आणि नाउ, फॉर्मर्ली आणि टुडे, इनिशिअली आणि इव्हेन्चुअली, अनटिल रीसेंटली. यात ‘पण’ कुठेच लिहिलेला नसतो, तरी काल आणि आज यांत उलटापालट झालेली असते.

पाचवा गट क्रियापदांचा. बिलाय, मास्क, कन्सील, कॉन्ट्राडिक्ट, अंडरमाइन. ‘हिज स्माइल बिलाइड हिज अँगर’ या वाक्यात हसू आणि राग अशा दोन विरोधी गोष्टी एका क्रियापदाने समोरासमोर उभ्या केल्या आहेत. जीआरईच्या कठीण प्रश्नांत असा वळणशब्द भेटला तर नवल मानू नका.

सहावा गट नकाराचा: नॉट, हार्डली, फार फ्रॉम, एनिथिंग बट. ‘एनिथिंग बट’ म्हणजे मुळीच नाही. ‘नथिंग बट’ म्हणजे फक्त तेवढेच. या जोडीत गोंधळ झाला की उत्तर थेट विरुद्ध टोकाला जाते.

सहा पायऱ्यांची रीत

एक, पर्याय झाका. कागदावर असाल तर हाताने, पडद्यावर असाल तर नजर वर ठेवून. पर्याय आधी वाचले की त्यातला एखादा ओळखीचा शब्द मनात घर करतो आणि मग आपण वाक्याला त्याच्याकडे ओढत राहतो.

दोन, वाक्य पूर्ण वाचा आणि वळणशब्दाभोवती गोल करा. वळणशब्द नसेल तर तसे मनाशी नोंदवा. मग वाक्य सरळ चालले आहे, असे धरायचे.

तीन, पुरावा शोधा. रिकाम्या जागेत काय यावे हे सांगणारा एखादा शब्द किंवा वाक्यांश प्रश्नात बहुतेक दिलेलाच असतो. वळणशब्द फक्त दिशा सांगतो. कशाच्या उलट, ते पुरावा सांगतो. पुराव्याखाली रेघ ओढा.

चार, तुमचा स्वतःचा शब्द ठरवा. तो इंग्रजीच असायला हवा असे नाही. ‘कंटाळवाणा’, ‘मनमोकळा’, ‘कडक’ असे मराठीत सुचले तरी चालेल. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इथे कमीपणा वाटण्याचे कारण नाही. अर्थ मराठीत नेमका ठरवून मग इंग्रजी पर्याय पाहणारा विद्यार्थी, अर्धवट समजलेल्या इंग्रजी शब्दांशी झटापट करणाऱ्यापेक्षा पुढेच राहतो. शब्दही सुचला नाही तर निदान चिन्ह लिहा: चांगल्या अर्थाचा हवा असेल तर अधिक, वाईट अर्थाचा हवा असेल तर वजा.

पाच, आता पर्याय उघडा आणि न जुळणारे खोडा. ज्याचा अर्थ माहीत नाही तो घाईने खोडू नका. बाकीचे चार नक्की चूक ठरले, तर न कळलेला पाचवाच बरोबर.

सहा, निवडलेला शब्द घालून वाक्य शेवटपर्यंत वाचा. या पायरीला पाच सेकंद लागतात आणि उलट्या उत्तरांपैकी बरीचशी इथेच पकडली जातात.

करून पाहू

पहिले वाक्य: ‘वन्स रिडिक्यूल्ड बाय जिऑलॉजिस्ट्स, वेगेनर्स आयडिया दॅट कॉन्टिनेन्ट्स ड्रिफ्ट इज नाउ वाइडली ____.’ पर्याय: डेरायडेड, ॲक्सेप्टेड, ऑब्स्क्युअर, रिव्हाइज्ड, फर्गॉटन.

वळण ‘वन्स’ आणि ‘नाउ’ यांत आहे. पुरावा ‘रिडिक्यूल्ड’, म्हणजे टिंगल झालेली. उलट काय? मान्य झालेली. ॲक्सेप्टेड. ‘डेरायडेड’ हा पर्याय पुराव्याचाच समानार्थी शब्द आहे. वळण न दिसलेल्या विद्यार्थ्याला तो अगदी जवळचा वाटतो आणि तो तिथे ठेवलेला असतो त्यासाठीच. आल्फ्रेड वेगेनरने खंड सरकतात ही कल्पना १९१२ मध्ये मांडली आणि ती भूशास्त्रात सर्वमान्य व्हायला १९६०चे दशक उजाडले. ही माहिती असेल तर बरेच, पण उत्तर काढायला तिची गरज नाही. वाक्यात दिलेल्या पुराव्याबाहेर जायचे नाही, हा नियम विषय ओळखीचा असेल तेव्हा जास्त कडकपणे पाळा. आपल्याला माहीत असलेली गोष्ट आणि वाक्याने सांगितलेली गोष्ट दर वेळी एकच असेल असे नाही.

दुसरे वाक्य: ‘दो द मिनिस्टर्स स्पीच वॉज लाँग, इट वॉज फार फ्रॉम ____; नोबडी इन द हॉल लुक्ड ॲट द क्लॉक.’ पर्याय: टीडियस, एंगेजिंग, ब्रीफ, एलोक्वंट, टाइमली.

इथे वळणे दोन आहेत. भाषण लांब होते, म्हणजे ते कंटाळवाणे असेल ही अपेक्षा. ‘दो’ने ती मोडली: लांब असूनही रंगले. मग ‘फार फ्रॉम’ने पुन्हा उलटवले: ते ‘अमुक’ अजिबात नव्हते. जे नव्हते ते रिकाम्या जागेत घालायचे. म्हणून उत्तर कंटाळवाणे, टीडियस. ‘दो’ पाहून घाईने ‘एंगेजिंग’ निवडणाऱ्याने दुसरे वळण पाहिलेलेच नसते. गणितातला नियम इथे जसाच्या तसा लागू पडतो: दोन वजांचा गुणाकार अधिक. वळणे मोजा. सम असतील तर मूळ दिशाच कायम राहते, विषम असतील तर उलटते. अर्धविरामानंतरचा भाग उत्तर तपासायला आहे. कोणी घड्याळाकडे पाहिले नाही, म्हणजे भाषण टीडियस नव्हते. जुळले.

तिसरे वाक्य: ‘द नॉव्हेल वॉज अ फेव्हरिट विथ रीडर्स, बट द क्रिटिक्स ____ इट.’ पर्याय: पब्लिश्ड, पॅन्ड, रेड, अडोअर्ड, बॉट.

कादंबरी वाचकांनी डोक्यावर घेतली. समीक्षकांनी काय केले? झोडपली. पॅन्ड. इथे शिकायची गोष्ट वेगळीच आहे. विरोध नेहमी एका ठरावीक मुद्द्यावर असतो. इथे मुद्दा पसंतीचा आहे. वाचकांनी विकत घेतली, समीक्षकांनी छापली, यात दोन वेगळ्या क्रिया आहेत, विरोध नाही. ‘पण’च्या दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजता येते का, हे पाहण्याची सवय लावा. पसंती विरुद्ध नापसंती, जुने विरुद्ध नवे, दिसणे विरुद्ध असणे. माप बदलले की तो पर्याय बाद.

चौथे वाक्य सेंटेन्स इक्विव्हॅलन्सचे: ‘डिस्पाइट द अवॉर्ड्स हीप्ड अपॉन हर, द सायंटिस्ट रिमेन्ड ____, ऑलवेज क्रेडिटिंग हर असिस्टंट्स.’ पर्याय: मॉडेस्ट, ॲरोगंट, प्रोलिफिक, अनअस्युमिंग, कन्सीटेड, रिक्लुसिव्ह.

या सहांत समानार्थी जोड्या दोन आहेत: मॉडेस्ट–अनअस्युमिंग आणि ॲरोगंट–कन्सीटेड. नुसत्या जोड्या शोधणारा इथे नाणेफेक करत बसेल. ‘डिस्पाइट’ निकाल लावतो. पुरस्कारांचा ढीग पडला की माणूस चढेल होतो ही अपेक्षा, आणि ती मोडली, म्हणजे विनम्र. श्रेय सहकाऱ्यांना देणे हा दुसरा पुरावा. ‘रिक्लुसिव्ह’, म्हणजे एकलकोंडी, हा शब्द एकट्याने वाक्यात कदाचित बसेलही, पण सहकाऱ्यांना श्रेय देण्याशी त्याचा संबंध नाही आणि त्याला जोडीदारही नाही. या प्रकारात जोडीदार नसलेला शब्द सहसा उत्तर नसतो.

दोन रिकाम्या जागा असतील तेव्हा

दोन्ही जागा वळणशब्दाच्या दोन बाजूंना असल्या की विद्यार्थी गांगरतो, कारण उलट कशाच्या हेच कळत नाही. ‘हिज ____ मॅनर ॲट वेडिंग्ज बिलाइड द ____ विथ व्हिच ही रॅन द ऑफिस; क्लार्क्स ट्रेम्बल्ड ॲट हिज डोअर.’ पहिल्या जागेचे पर्याय: जीनियल, ब्रस्क, टिमिड. दुसऱ्या जागेचे: काइंडनेस, सिव्हेरिटी, थ्रिफ्ट.

‘बिलाइड’वरून एवढेच ठरते, की दोन्ही जागांत परस्परविरोधी शब्द हवेत. पण अशा जोड्या दोन होतात: मनमिळाऊ आणि कडकपणा, किंवा तुसडा आणि दयाळूपणा. दोन्ही व्याकरणात बसतात. मग तिसरा तुकडा वाचा. कारकून त्याच्या दाराशी थरथरत. म्हणजे कचेरीत कडकपणा होता. दुसरी जागा सिव्हेरिटी, आणि तिच्यावरून पहिली जीनियल.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. पहिली, जागा क्रमाने भरण्याचे बंधन नाही. जिच्याशी पुरावा जोडलेला आहे ती आधी भरा. ती बऱ्याचदा दुसरी किंवा तिसरी असते. दुसरी, वळणशब्दाने नाते कळते आणि पुराव्याने बाजू कळते. दोन्ही हाती आल्याशिवाय उत्तर नक्की करू नका.

फसवी वळणे

काही शब्द वळणशब्दांसारखे दिसतात, पण वाक्य उलटवत नाहीत. ‘नॉट ओन्ली… बट ऑल्सो’मध्ये ‘बट’ असला तरी तो भर घालतो. ‘द रिपोर्ट वॉज नॉट ओन्ली लेट बट ऑल्सो ____’ यात उशिराइतकाच वाईट गुण हवा, उदाहरणार्थ ‘स्लिपशॉड’, म्हणजे निष्काळजीपणे केलेला. इथे ‘बट’ पाहून चांगला शब्द भरणाऱ्यांची संख्या कमी नसते.

‘व्हाइल’चे दोन अर्थ आहेत. एक विरोधाचा, दुसरा ‘त्या वेळी’ असा. ‘व्हाइल शी वॉज इन लंडन’ यात विरोध नाही. ‘यट’ वाक्याच्या मध्ये आला तर ‘तरीही’, पण ‘हॅज नॉट यट अराइव्ह्ड’मध्ये ‘अजून’. ‘बट’चा एक अर्थ ‘खेरीज’ असाही आहे: ‘ऑल बट वन’ म्हणजे एक सोडून सगळे.

उलट काही साधे दिसणारे शब्द छुपेपणाने वळण घेतात. ‘द परफॉर्मन्स वॉज कॉम्पिटंट, इफ ____’ यातला ‘इफ’ ‘जर’ या अर्थाचा नाही. ‘असला तरी’ या अर्थाचा आहे. प्रयोग नीट झाला, पण त्यात जान नव्हती. जागेत ‘अनइन्स्पायर्ड’सारखा शब्द येतो. ‘ऑल्बीट’ही असेच काम करतो. अशा ठिकाणी विरोध सौम्य असतो. पूर्ण उलटा शब्द घातला, तर वाक्य स्वतःलाच खोडून काढते. ‘कॉम्पिटंट’च्या पुढे ‘इन्कॉम्पिटंट’ येणार नाही. विरोध किती तीव्र आहे याचाही अंदाज घ्यायला शिका.

विरामचिन्हांकडेही लक्ष असू द्या. अपूर्णविराम, म्हणजे दोन टिंबे, आली की पुढे बहुधा आधीच्या विधानाचे स्पष्टीकरण येते, म्हणजे दिशा तीच राहते. अर्धविरामाच्या पुढे ‘हाउएव्हर’ असेल तर उलट. काहीच नसेल तर बहुधा तीच दिशा. डॅशच्या पुढे दोन्ही शक्यता असतात, तिथे शब्दच वाचावे लागतात.

शेवटची फसगत शब्दांच्या दुय्यम अर्थांची. जीआरईला ती आवडते. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र होणे, तसेच विधानाला मर्यादा घालणे. ‘टेम्पर’ म्हणजे राग, तसेच सौम्य करणे. ‘फ्लॅग’ म्हणजे झेंडा, तसेच मंदावणे. ‘प्लास्टिक’ म्हणजे घडवता येण्याजोगे. वळण आणि पुरावा यांवरून दिशा नक्की झालेली असेल आणि एकही पर्याय बसत नसेल, तर ओळखीच्या शब्दांकडे पुन्हा पाहा. त्यांचा दुसरा अर्थ तिथे बसत असेल.

सराव कसा करावा?

रोज वीस प्रश्न धडाधड सोडवण्यापेक्षा आठ प्रश्न नीट सोडवा. प्रत्येक प्रश्नात वळणशब्दाला गोल, पुराव्याला रेघ, शेजारी तुमचा शब्द. सुरुवातीला घड्याळ लावू नका. गोल-रेघ हाताला सवयीची झाली की मग मिनिटाचे बंधन घाला. परीक्षेत पडद्यावर खुणा करणे जमत नसेल, तर कच्च्या कागदावर फक्त वळणशब्द आणि अधिक-वजा एवढे लिहिले तरी पुरते. दोन मिनिटे झाली तरी उत्तर निघत नसेल, तर जीआरईमध्ये प्रश्नावर खूण करून पुढे जाता येते आणि त्याच भागाची वेळ संपण्याआधी परत येता येते. ती सोय वापरा.

चुकांची वही ठेवा, पण त्यात नुसते बरोबर उत्तर उतरवू नका. चूक कुठल्या जातीची, ते लिहा: वळण दिसलेच नाही, वळण दिसले पण पुरावा चुकीचा धरला, दोन वळणांपैकी एकच मोजले, की शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. आठवड्याने वही चाळलीत की तुमचा कच्चा दुवा कोणता ते दिसेल. शेवटच्या प्रकारच्या चुका जास्त असतील तर खुशाल शब्दांच्या यादीकडे वळा. पहिल्या तिन्हींवर यादी पाठ करून इलाज होत नाही.

वाचनासाठी इंग्रजी दैनिकांचे अग्रलेख आणि ग्रंथपरीक्षणे उत्तम. अग्रलेखात सरकारचे म्हणणे आणि संपादकाचे म्हणणे सतत समोरासमोर येते, परीक्षणात कौतुक आणि आक्षेप हातात हात घालून चालतात. एक परिच्छेद घ्या, त्यातल्या प्रत्येक वळणशब्दावर खूण करा आणि पुढचे अर्धे वाक्य झाकून ते काय असेल याचा अंदाज बांधा. मग उघडून पाहा. मराठी वर्तमानपत्रातही हाच खेळ खेळता येतो. ‘मात्र’, ‘उलट’, ‘असे असले तरी’, ‘वरकरणी’ हे शब्द तिथे जागोजागी भेटतात. डोळा एका भाषेत तयार झाला की दुसऱ्या भाषेतही लवकर सरावतो.

शब्द पाठ करतानाही थोडा बदल करा. सुटे शब्द घोकण्याऐवजी विरोधी जोड्या करून लिहा: फ्रूगल आणि एक्स्ट्रॅव्हॅगंट, टॅसिटर्न आणि गॅर्युलस, ट्रान्झिएंट आणि परेनिअल, कॅन्डिड आणि इव्हेसिव्ह. वळणाच्या दोन बाजूंना अशाच जोड्या उभ्या राहतात, त्यामुळे एक आठवला की दुसराही हाताशी असतो. जोडीखाली ‘दो’ किंवा ‘डिस्पाइट’ वापरून स्वतःचे एक वाक्य लिहा. दहा जोड्यांची दहा वाक्ये लिहिलीत, तर तीस सुट्या अर्थांपेक्षा ती जास्त दिवस लक्षात राहतील.

एक मर्यादा मात्र ओळखून असा. वळणशब्द प्रत्येक प्रश्नात नसतो. कारण-परिणामाची, स्पष्टीकरणाची, भर घालणारी वाक्येही तितकीच येतात, आणि तिथे बळजबरीने विरोध शोधला तर नवीच चूक होईल. ‘पण’ शोधायचा म्हणजे तो आहे की नाही हे ठरवायचे. असलाच पाहिजे असे गृहीत धरायचे नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात नवे शब्द गोळा करणे बंद करा. जुन्या सराव परीक्षा काढा आणि त्यातल्या फक्त रिकाम्या जागा पुन्हा सोडवा, पर्याय झाकून. मनातला शब्द आणि छापलेले उत्तर बहुतेक ठिकाणी जुळू लागले, की तुमची या भागाची तयारी झाली असे समजा.